मिशी आणि सातव्या ग्रहाचा कैदी

माझ्या मिशीवर मागच्या महिन्यात जो प्रसंग ओढवला, त्याचा दोष मी कुणालाच देणार नाही. द्यायचाच झाला तर सुरतच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या जुन्या मिलच्या पाळ्यांना देईन. बारा-बारा तासांची पाळी. रातपाळीचा माणूस येऊन मशीनला हात लावेपर्यंत दिवसपाळीच्या माणसाला हलता यायचं नाही. आम्ही चार दोस्त, त्यात दोघे दिवसपाळीला आणि दोघे रातपाळीला. चौघांनी मिळून सिनेमा बघायचा म्हणजे अमावस्येला चंद्र बघण्यातला प्रकार. मग आमच्यातल्या एका हुशार माणसानं तोडगा काढला. तो माणूस मीच, पण आपलं कौतुक आपण करू नये.

मिलच्या मागच्या भिंतीला लागून एक थिएटर होतं. आता तिथं साड्यांचं गोडाऊन आहे. तिथल्या संध्याकाळच्या खेळाची आम्ही दोनच तिकिटं काढायचो. इंटरवलपर्यंत रातपाळीवाल्यांनी बघायचं. इंटरवल झाला की अर्धी फाडलेली तिकिटं मुठीत धरायची, भिंतीवरून उडी टाकायची, मशीन ताब्यात घ्यायचं आणि तिकिटं दिवसपाळीवाल्यांच्या हातात ठेवायची. ते भिंतीवरून पलीकडे, उरलेला अर्धा बघायला. पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलल्या की तोच सिनेमा उलट्या बाजूनं. असे कितीतरी सिनेमे आम्ही दोन हप्त्यांत पुरे केले. कुणी शेवट आधी बघितला, कुणी सुरुवात नंतर. संसार असाच असतो, त्याचं काही वाटायचं नाही.

घात केला तो ‘सातवें ग्रह का कैदी’नं. विलायती सिनेमा, हिंदीत बोलणारा. तो एका आठवड्यातच उतरला. म्हणजे मी आणि धम्मरत्न यांनी फक्त पहिला अर्धा बघितला, छगन आणि भूपेंद्र यांनी फक्त दुसरा. आणि वाद सुरू झाला.

गोष्ट अशी. एक अवकाशयान एका कैद्याला खटल्यासाठी पृथ्वीवर घेऊन चाललेलं असतं. वाटेत यानाचा कप्तान मरतो. सगळे म्हणतात, कैद्यानं मारला. मी आणि धम्मरत्न यांनी स्वतः बघितलेलं, की कप्तान मेला तेव्हा कैदी साखळदंडात होता. बिचारा निर्दोष! तर छगन म्हणे, "निर्दोष? काश्या, येडा झाला का तू? त्यानं सगळ्यांना संडासात कोंडलं, लाल बटण दाबलं आणि अख्खं यान उडवलं. मी मन्हा डोयाघाई देखेल शे!" भूपेंद्रनंही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, म्हणून तो त्याच्या पाठीशी ठाम. शब्दानं शब्द वाढला आणि एका रात्री भूपेंद्रनं मिशीला हात घातला. "कैदी निर्दोष निघाला तर ही उतरवीन. गुन्हेगार निघाला तर काश्या, तुझी." मीही तावात टाळी दिली. धम्मरत्न आणि छगन यांना तेव्हा मिशा नीट फुटल्या नव्हत्या, म्हणून ते साक्षीदार. अट एकच: चौघांनी सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बघायचा, तेव्हाच निकाल.

माझी मिशी साधी नाही. धरणगावाहून सुरतला निघालो तेव्हा वडील स्टँडवर म्हणाले होते, "पोरा, मिशी वाढव. नाहीतर तुला पोरगं समजून जो तो चहा आणायला पाठवील." त्यांनी मला दिलेला हा एकच सल्ला, आणि तो मी पाळला. आज मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये सुपरवायझर आहे. नाव विचाराल तर निम्म्या लोकांना माहीत नसेल, पण ‘मुछवाले साहेब’ म्हणा, वॉचमन थेट माझ्या टेबलापाशी आणून सोडेल. भूपेंद्रची तर याहून वरची तऱ्हा. तो इच्छापोरला लेबर कॉन्ट्रॅक्टर आणि आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. बॅनरवर गणपतीच्या खालोखाल त्याची मिशी असते.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. लग्नं झाली, धम्मरत्न मिल सोडून रेल्वेत लागला, छगन बारडोलीला साखर कारखान्यात गेला. तो सिनेमा मात्र टीव्हीवर आला नाही की मोबाइलवर सापडला नाही. मिशा सुरक्षित होत्या. आणि एका संध्याकाळी आमची लेक चैताली फोन नाचवत आली. "पप्पा, तुमचा कैदी परत येतोय! रि-रिलीज! वेसूच्या मॉलमध्ये, रविवारी सकाळी, एकच शो."

 मी नकळत मिशीवर हात ठेवला. आमच्या सौभाग्यवती, ज्योती, भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्या मिशीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बघून या. एकदाचा निकाल लागू द्या."

बातमी सोसायटीत पोचायला जिन्यावरून उतरण्याएवढाही वेळ लागला नाही. समोरच्या चंचलबेन आल्या. सुरती बाई, मनानं मोठ्या, पण धीर देण्याची पद्धत वेगळी. "काशीरामभाई, मूछ जाय तो जाय, पण आधारमां फोटो मूछवाळो छे ने? बँकवाळा ओळखशे नहीं!" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तळमजल्यावरचा योगेंद्र विमा विकतो, त्यानं आणखी एक मुद्दा काढला. "काका, तुमच्या मिलच्या गेटवर चेहरा बघून हजेरी लागते ना? मशीन आत सोडणार नाही तुम्हाला." त्याच्या मते मी आताच ऑफिसात अर्ज देऊन ठेवावा. विषय: संभाव्य मिशीविहीन अवस्थेबाबत. मी ऑफिसात विचारलंही. तिथल्या बाईंनी थंडपणे सांगितलं, "साहेब, आधी नवीन चेहरा आणा, मग अर्ज घेते. झालेल्या बदलाचाच अर्ज घेतात, होणाऱ्याचा नाही." म्हणजे हरलो तर गेट उघडेपर्यंत मी बाहेर, आणि मी बाहेर म्हणून अर्ज देणार कोण? त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी मोकळेपणानं सांगतो.

रविवारी पहाटे ज्योतीनं देवापुढे दिवा लावला. नारळही ठेवला. मी गहिवरलो. "कबूल केलास?" मी विचारलं. "हो," ती म्हणाली आणि भाकऱ्यांकडे वळली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, भरीत, ठेचा, असा डबा चौघांना पुरून उरेल एवढा. बायको पाठीशी उभी असली की माणसाला सातवा ग्रहसुद्धा लांब वाटत नाही.

मॉलच्या दारात चौघे भेटलो. धम्मरत्न इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या बराच आधी आलेला, रेल्वेत राहूनही. भूपेंद्रनं मिशीला तेल लावलं होतं. आणि छगन बारडोलीहून आला तो खांद्यावर उसाची मोळी घेऊन. "दोस्तांकडे रिकाम्या हातानं कसा येऊ?" हे त्याचं म्हणणं.

गार्डनं हात आडवा केला. "काका, ये लाठी अंदर नहीं जाएगी."

"लाठी नही रे भो, ऊस शे ऊस!"

"खाने का सामान भी नहीं जाएगा. डब्बा भी नहीं."

भूपेंद्रनं आपण अध्यक्ष असल्याचं सांगितलं. गार्डनं विचारलं, किसके? त्यावर भूपेंद्र मिशी कुरवाळत मागे सरला. ज्योतीच्या हातचं भरीत टाकून देणं शक्य नव्हतं, मग आम्ही तिथंच पायरीवर पंगत मांडली. लोक नवे बूट, नवे गॉगल घालून आत चालले होते आणि मी, प्रोसेस हाउसचा सुपरवायझर, मॉलच्या पायरीवर गुडघ्यानं ऊस मोडत होतो. पण खाल्लं मात्र पोटभर. गार्ड आमच्याकडे बघत होता, म्हणून छगननं त्यालाही एक कांडं आणि अर्धी भाकरी दिली. तो रात्रभराचा उपाशी होता. त्यानं ठेचा खाल्ला, डोळे पुसले आणि आम्हाला काका म्हणायचं सोडून चाचा म्हणायला लागला.

वर तिसऱ्या मजल्यावर खरा घाला पडला. टाय लावलेला एक मॅनेजर म्हणाला, "सॉरी सर, शो कॅन्सल. फक्त चारच तिकिटं गेलीत. दहा माणसं नसतील तर शो लागत नाही. पैसे अकाउंटला परत येतील."

"पैसे नकोत," भूपेंद्र गरजला, "कैदी पाहिजे!"

"सिस्टिममध्येच नाही सर. दहा पाहिजेत." मग त्याला आमची दया आली असावी. "पंधरा-वीस मिनिटं थांबतो. सहा माणसं आणा, लावतो."

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर हायसं वाटलं. शो नाही म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे मिशी शाबूत. पण धम्मरत्नचा चेहरा बघितला. तो खाली मान घालून म्हणाला, "काश्या, मी पुढच्या वर्षी मुदतीआधीच रिटायरमेंट घेतोय, गावी जाणार. परत चौघे कधी जमू रे?" मग मला माझीच लाज वाटली. मी मिशीला पीळ दिला आणि म्हणालो, "चला, सहा माणसं पकडू."

पकडायची कशी? समोर दुसऱ्या एका सिनेमाची हाउसफुल्लची पाटी होती आणि तिकिटं न मिळालेले लोक तोंडं पाडून उभे होते. धम्मरत्ननं घसा साफ केला आणि खास स्टेशनातल्या आवाजात सुरू केलं, "कृपया ध्यान दीजिए! सातवें ग्रह जानेवाली गाडी स्क्रीन नंबर तीन से रवाना होगी!" लोक वळले. मी गोष्ट सांगायला लागलो. यान, साखळदंड, काचेपलीकडून लुकलुकणारे कैद्याचे डोळे, कप्तानाची किंकाळी. पंचवीस वर्षं जी गोष्ट सांगायला लागलो की बायको गॅस बघायला उठते, ती लोक तोंडाचा आ करून ऐकत होते. कैद्याचा साखळदंड तुटतो, लाल दिवा लागतो... आणि मी थांबलो.

"फिर क्या हुआ?" कॉलेजातल्या दोन मुलींनी विचारलं.

"मालूम नहीं," मी म्हणालो. "आम्ही इथवरच बघितलाय."

"पुढचं मले इचारा!" छगन पुढे सरसावला. "पण मले सुरुवात ठाव नही!"

लोकांना हे इतकं अजब वाटलं की विचारू नका. त्या दोन मुली आल्या. एक आई-बाप आणि त्यांची मुलगी आली. झाले नऊ. दहावा मिळेना. एक सुरती आजोबा तयार झाले होते, पण हातातला लोच्याचा नाश्ता गरम आहे तोवर घरी जायला हवं म्हणून निघून गेले. सुरती माणसाच्या लोच्यापुढे कुठलाही ग्रह टिकत नाही. मॅनेजर घड्याळ बघायला लागला. इतक्यात एस्कलेटरवरून आपला गार्ड वर आला. "चाचा, मेरी ड्यूटी खतम हो रही है. मैं आऊं? बस, रिलीवर आया नहीं अभी तक."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. बदली माणूस आला नाही की काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. ज्या पाळीनं आमचा सिनेमा मधोमध कापला, तीच पुन्हा आडवी आली होती. चौघेही त्याच्याबरोबर खाली दारात धावलो. रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिलो. शेवटी एक पोरगेला माणूस सायकल मारत आला. भूपेंद्रनं त्याची सायकल धरली, छगननं त्याच्या डोक्यावर गार्डची टोपी ठेवली, धम्मरत्ननं हातात ऊस दिला, आणि मी आमच्या दहाव्या माणसाला दंडाला धरून वर पळवलं. दिवा विझता विझता आम्ही आत शिरलो. पहिली पाटी पडद्यावर आली तेव्हा चौघेही खुर्चीत होतो.

खुर्च्या अशा की बटण दाबलं की माणूस आडवा होतो. छगननं बटण दाबायला साफ नकार दिला. "बटण दाबल्यावर काय होस, मी देखेल शे," म्हणाला आणि इंटरवलपर्यंत ताठ बसून राहिला.

पहिला अर्धा मला तोंडपाठ होता. छगन आणि भूपेंद्र मात्र लहान पोरांसारखे बघत होते. "अरे, हा तर खरंच साखळदंडात!" "अरे, ती मुलगी कप्तानाची होती?" आम्ही दोघं विजयी मुद्रेनं माना डोलवत होतो. यानाच्या पोटाला एक छोटी उडती तबकडी बांधलेली असते आणि तिच्याकडे जायला एक गोल दार असतं, हेही दाखवलं. मी ते विसरूनच गेलो होतो. भूपेंद्र मात्र ते दार बघून एकदम पुढे झुकला. 

इंटरवल झाला. दिवे लागले आणि काय झालं कुणास ठाऊक, मी आणि धम्मरत्न एकाच वेळी उठून उभे राहिलो. धम्मरत्नचा हात खिशात गेला, मुठीत काही नसताना मूठ छगनपुढे आली. छगननंही हात पसरला. मग चौघांच्याही लक्षात आलं, कुठं जायचं नाहीये. आज भिंत नाही. धम्मरत्न हळूच खाली बसला आणि चष्मा पुसायला लागला. मीही रुमाल काढला, पण ते ठेच्यामुळे असेल.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि आता डोळे फाडायची पाळी आमची होती. पहिला धक्का धम्मरत्नला. पहिल्या अर्ध्यात एक पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण असते, सगळ्यांना धीर देणारी. तिच्याबद्दल धम्मरत्न सव्वीस वर्षं आदरानं बोलत आलेला. कप्तानाला सुई टोचून मारलं ते तिनंच! "असं कसं?" धम्मरत्न मोठ्यानं म्हणाला. "चांगली बाई होती ती!" मागच्या मुली हसल्या. छगन शांतपणे म्हणाला, "मी तर तिले पहिल्यापासून वळखेल व्हती. पण तुले कोठे ऐकनं व्हतं?"

मग ती वेळ आली. यानात विष भरलेलं, ते पृथ्वीवर सोडायचा डॉक्टरिणीचा डाव. डॉक्टरीण स्वतःच्याच सुईनं गतप्राण. कैदी एकेका माणसाला ओढून गोल दाराआड ढकलायला लागला. "बघ, कोंडतोय," छगन पुटपुटला, पण आवाजात जोर नव्हता. कारण ते दार कुठं जातं हे आता त्यानंही बघितलं होतं. ज्याला ते दोघं इतकी वर्षं संडास समजत आले, ती सुटकेची तबकडी होती! शेवटी कप्तानाच्या मुलीला आत बसवून कैदी एकटा मागं फिरला. लाल बटणापाशी उभा राहिला. माझा एक हात मिशीवर, भूपेंद्रचा त्याच्या मिशीवर. कैद्यानं बटण दाबलं. यान उडालं. सगळा पडदा पांढरा. आणि त्या पांढऱ्यातून एक बारीकसा ठिपका चमकत निघाला, तबकडीचा.

"अरे देवा," भूपेंद्र म्हणाला. "हा ठिपका मी तेव्हा बघितला होता. मला वाटलं, फिल्मवर ओरखडा आहे."

दहाच्या दहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. गार्ड तर उभा राहून शिट्टी वाजवायला लागला. मी जिंकलो होतो! सव्वीस वर्षं कुणी माझं ऐकलं नव्हतं आणि कैदी निर्दोष होता, निर्दोषच नाही, देवमाणूस होता. मला नाचावंसं वाटलं. वडील असते तर त्यांना फोन केला असता.

बाहेर आल्यावर भूपेंद्रकडे बघितलं आणि माझा पाय अडखळला. एवढा मोठा माणूस, पण गणपती विसर्जनानंतरच्या मांडवासारखा दिसत होता. मी म्हणालो, "भूप्या, जाऊ दे रे. पोरपणातली पैज."

"काश्या, शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "त्या कैद्यानं जीव दिला. माझी मिशीच तर आहे."

मॉलमधल्या सलूनमध्ये अपॉइंटमेंट लागते असं कळलं, मग उधन्याला त्याच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. न्हाव्यानं दोनदा विचारलं, "अध्यक्ष, नक्की?" भूपेंद्रनं डोळे मिटले. वस्तरा फिरला. फडक्यानं तोंड पुसलं आणि आम्ही तिघे बघतच राहिलो. त्या मिशीखाली इतकी वर्षं भिंतीवरून उडी मारणारा तोच पोरगा लपून बसला होता. "आयव! हाऊ तर आपला भूप्या!" छगन ओरडला. भूपेंद्रनं आरशात बघितलं, गालावरून हात फिरवला, पुन्हा बघितलं. दहा वर्षांनी लहान झाला होता लेकाचा. बाहेर पडताना चालही बदलली होती.

तसेच चौघे आमच्या घरी आलो. जिना चढताना मी सगळ्यांत पुढे, मिशीला ताजा पीळ. ज्योतीनं दार उघडलं. पहिल्यांदा माझ्या मिशीकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. माझ्या नीट लक्षात आलं, पडलाच. मग तिची नजर मागं गेली.

"अगबाई! भूपेंद्रभाऊ! किती छान दिसताय! चैताली, ये बघायला!"

चैताली आली. समोरचं दार उघडून चंचलबेन आल्या. "अरे वाह, हीरो जेवा लागो छो!" भूपेंद्र लाजला. माझ्या विजयाची चौकशी करायला कुणी आलं नाही.

"अगं, मी जिंकलो," मी शेवटी स्वतःच म्हणालो.

"दिसतंय ना," ज्योती म्हणाली. "जळलं मेलं नशीब."

"म्हणजे? तू तर नारळ कबूल केला होतास!"

"केला होता की. तुम्ही हरावं म्हणून." ती शांतपणे म्हणाली. "लग्नापासून त्या मिशीत चहा अडकलेला बघतेय मी. आज वाटलं होतं, सुटले."

छगन भिंतीला धरून हसायला लागला. धम्मरत्ननं चष्मा काढला. मी मिशी तळहातानं पुसली, जिंकलेल्या माणसानं मन मोठं ठेवायचं असतं. ज्योतीनं नारळ आणून माझ्या हातात दिला. "आता आणलाच आहे तर फोडा, भूपेंद्रभाऊंच्या नावानं."

मी मिशीला शेवटचा पीळ दिला आणि उंबऱ्यावर एकच घाव घातला. नारळ बरोबर मधोमध फुटला. कुणाला पहिला अर्धा आणि कुणाला दुसरा, यावरून छगन आणि धम्मरत्न जे भांडायला लागले, ते जेवणं होईपर्यंत भांडतच होते.